आत जाणाऱ्या श्वासावर

४ नोव्हेंबर

आज लेकीच्या घरी कायमचा राहायला आलो. एक ट्रंक, तीन पिशव्या आणि मी, असा सगळा ऐवज जावयाने लिफ्टमधून वर नेला. लिफ्ट दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. म्हणाला, बाबा, ही लिफ्ट माझ्याच हातातली आहे, अडकलात तर तक्रार घरातच करायची. मग स्वतःच हसून म्हणाला की तक्रार तरी कशी करणार, तुम्ही कायमचे सायलेंटवर. लेकीने त्याला कोपर मारलं. मला मात्र बरं वाटलं. माझ्या गेलेल्या आवाजावर विनोद करायची हिंमत आजवर फक्त हिला होती.

ही म्हणजे माझी बायको. दोन वर्षं झाली तिला जाऊन. जन्मभर तिला नावाने हाक मारली नाही, आता रोजनिशीत कशाला सवय लावून घ्या.

मला दिलेली खोली आधी अडगळीची होती. भिंतीला अजून ताज्या रंगाचा वास आहे. खिडकीखाली इस्त्रीवाल्याचं दुकान. तो कपड्यांवर पाणी शिंपडतो, इस्त्री टेकवतो आणि वाफेचा एक सुस्कारा वर येतो. मी त्याला मनातल्या मनात आपला भाऊबंद मानून टाकलंय. दोघांचाही नुसता सुस्कारा.

नात दुसरीत आहे. पुढचे दोन दात पडलेत, तोंड मात्र क्षणभर मिटत नाही. मी तिला खारूताई म्हणतो. ती मला वाऱ्याचे आजोबा म्हणते, कारण माझ्या तोंडून शब्द थोडा आणि वारा जास्त येतो. माझा खरा आवाज तिने कधीच ऐकलेला नाही. ती जन्मण्याआधीच तो गेला होता. आज संध्याकाळी तिने मांडीवर बसून माझ्या गळ्याला कान लावला आणि आईला सांगितलं, आत कुणीतरी झोपलंय. सगळे हसलो.

७ नोव्हेंबर

घर अंगवळणी पडतंय. सकाळी लेक चष्म्याच्या दुकानात जाते, जावई त्याच्या लिफ्टांमागे. दुपारी खारूताई शाळेतून येते. तिथून संध्याकाळपर्यंत घरात आम्ही दोघंच.

तिने विचारलं की माझा आवाज कुठे हरवला. सांगितलं, अकरा वर्षांपूर्वी गळ्यातली गाठ काढली, ती साधी निघाली, पण काढताना डाव्या बाजूची एक बारीक नस दुखावली. शुद्धीवर आल्यावर हिला हाक मारली, तर नुसती हवा. नस म्हणजे काय, असं तिने विचारलं. म्हटलं, निरोप नेणारी बाई. मग निरोप कुणाकडे राहिला, असं तिचं पुढचं विचारणं. 

आयुष्यभर कविता शिकवली. माझी एक रीत होती. अर्धी ओळ मी म्हणायचो आणि थांबायचो, उरलेली अर्धी वर्ग म्हणायचा. शेवटची ओळ मात्र मी एकट्याने म्हणायची, वर्गाने गप्प राहायचं. ती झाली की तास सुटला. घंटा होऊन गेली तरी शेवटच्या ओळीआधी कुणी बाकावरून उठायचं नाही. पन्नास पोरं श्वास धरून बसायची. काय दिवस होते.

घरी वर्ग म्हणजे ही. मी टॉवेल शोधता शोधता अर्धी ओळ टाकायचो, ही स्वयंपाकघरातून उरलेली पुरी करायची. नावाड्याची कविता हिची लाडकी. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने रचलेली, कुठे छापलेली नाही. त्या कवितेपुरता हिने नियम फिरवून घेतला होता. शाळेत शेवटची ओळ तुमची, घरात माझी.

पैलतिराहुन हाक कुणाची, सांज उतरली पाण्यावर,
नाव बांधली, वल्ही सुकली, दोर ओढतो काठावर;
येतो येतो म्हणता म्हणता विझला डोळा दिव्यातला,

चौथी आठवत नाही. इतकी वर्षं ती हिच्याकडे ठेवायला दिलेली. जाताना ही ती घेऊनच गेली.

१२ नोव्हेंबर

लेकीने हट्टाने घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. पाणी पिताना मला ठसका लागतो, त्याची तिला धास्ती. नाकातून बारीक नळी घातली आणि समोरच्या पडद्यावर माझाच गळा दाखवला. उजवा स्वरतंतू पांढराशुभ्र, ताठ, सांगितल्याबरोबर हलणारा. डावा वाकलेला, पातळ, एका बाजूला पडून राहिलेला. मला माझ्या वर्गातलं मागचं बाक आठवलं.

डॉक्टर समजावून सांगणारे आहेत. म्हणाले, नसेचा निरोप आला नाही की स्नायू आधी रोडावतो. मग त्याचे धागे विरतात आणि त्या जागी चरबी आणि चिवट दोरे भरतात. हाताचा स्नायू इतक्या वर्षांत पार गेला असता. गळ्यातले हट्टी असतात. कुठूनतरी दोन-चार धागे नसेचे उगवून येतात आणि त्याला नुसतं जिवंत ठेवतात. तुमचा मेलेला नाही, म्हणाले, वाट बघत बसलाय.

हे वाक्य मला फार आवडलं. परत येताना गाडीत मनाशी घोळवत होतो.

तिथल्या आवाजाच्या बाई तरुण आहेत, पण शिस्तीच्या. त्यांनी व्यायाम दिला. रोज दुपारी खुर्चीत ताठ बसायचं आणि एका श्वासात ई म्हणायचं. कुजबुजायचं नाही, जोर लावायचा नाही, आणि मनचं काही घालायचं नाही. शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून दोनदा म्हणाल्या.

१६ नोव्हेंबर

चार दिवस ई म्हटलं. त्यात काही गोडी नाही. मागच्या बाकावरच्या पोराला कुणी ई शिकवून वर काढलंय का? त्याला कविता द्यावी लागते.

आज मी माझ्या रीतीने शिकवलं. वाऱ्याच्या आवाजात अर्धी ओळ म्हटली, पैलतिराहुन हाक कुणाची, आणि थांबलो. उरलेली अर्धी डाव्यासाठी सोडली. काही झालं नाही. खाली इस्त्रीवाल्याने तेवढा सुस्कारा टाकला. खारूताई दाराशी उभी राहून बघत होती. तिने विचारलं की कुणासाठी थांबलात. म्हटलं, एक विद्यार्थी आहे, जरा मंद आहे.

खरं तर एका खोट्या आशेने थांबलो होतो. मला खारूताईला एकदा, फक्त एकदाच, खऱ्या आवाजात कविता ऐकवायची आहे. दुसरं काही मागणं उरलेलं नाही.

२२ नोव्हेंबर

आज उत्तर आलं.

अर्धी ओळ म्हणून थांबलो आणि पुढचा श्वास आत घेतला. त्या आत येणाऱ्या श्वासावर, बाहेर जाणाऱ्या नव्हे, गळ्यात काहीतरी जुळलं. दाराची बिजागरी हळूच फिरावी तसं. बारीक, उंच स्वर होता. शब्द नव्हता, पण चाल नेमकी. सांज उतरली पाण्यावर, एवढ्याच मात्रा.

ती चाल बोटांनी खुर्चीच्या हातावर वाजवत बसलो. 

२५ नोव्हेंबर

हिचा आवाज आहे.

दुपारी ऊन भिंतीवर होतं, खारूताई खाली गुडघे टेकून चित्र रंगवत होती. मी म्हटलं, नाव बांधली, वल्ही सुकली. श्वास आत घेतला. गळ्यातून, माझ्याच गळ्यातून, हिने म्हटलं, दोर ओढतो काठावर. काठावर म्हणताना ही ठ वर जरा रेलायची, तशीच रेलली.

खारूताईने मान वर केली आणि सहज विचारलं की ही कोण. मी सांगितलं, तुझी आजी. ती म्हणाली, मग तिला सांगा की छान म्हणते. आणि परत रंगवायला लागली. मुलांना कशाचं आश्चर्य वाटत नाही.

मी खुर्चीत रडत बसलो. रडतानाही श्वास आत घेतला की हिचा हुंदका, बाहेर सोडला की माझा. दोन वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघं मिळून रडलो.

३० नोव्हेंबर

पाचही दिवस तास घेतले. आता ही कवितेबाहेरही बोलते. अहो म्हणते. एवढंच. अहो, आणि पुढे काही नाही, कारण माझा श्वास तिथे संपतो.

एक गोष्ट लिहून ठेवतो. ही बोलत असते तेव्हा हवा आत येत नाही. नळी चिमटीत धरावी तशी. बोलणं संपलं की सुटते. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. चालायचंच. लग्नानंतर चाळीस वर्षं हिने माझ्यासाठी श्वास खर्च केला, आता माझी पाळी.

आज लेक लवकर आली. पायात चपला तशाच, दाराच्या चौकटीला धरून उभी. मी पाहिलं नव्हतं. किती वेळ ऐकत होती, ठाऊक नाही. मला म्हणाली की आईसारखं करू नका, बाबा, मला नाही सहन होत. तिला वाटलं मी नक्कल करतोय.

३ डिसेंबर

पुन्हा नळी, पुन्हा पडदा. डॉक्टर आज हसले नाहीत.

म्हणाले, रस्ता खोदून ठेवला आणि तारा परत जोडताना चुकल्या, असं झालंय. दिव्याचं बटण दाबावं आणि पंखा फिरावा. श्वास घेताना स्वरतंतू उघडायला हवेत, पण तुमच्या डाव्याला भलत्याच नसेचे धागे मिळालेत. श्वास घ्यायचा निरोप आला की तो मिटतो. तेव्हा येणारा तो आवाज, तो आवाज नव्हे, घुसमट आहे.

इलाज दोन. एक सुई मारून त्या स्नायूला परत झोपवायचं. नाही जमलं तर गळ्याला भोक पाडून तिथून श्वास. डॉक्टर म्हणाले की यात वेळ काढू नका. आवाजाच्या बाईंनी विचारलं की मी मनचं काही घातलं का. मी मान हलवली. उभी की आडवी, मलाच आठवत नाही.

लेकीने सुईसाठी पंधरा तारीख घेतली.

डॉक्टरांचं सगळं खरं असणार. फक्त एवढंच की घुसमट ठ वर रेलत नाही.

६ डिसेंबर

हिला चौथी ओळ मागितली. झोपवण्याआधी तेवढी द्यावी. तिसरी ओळ पूर्ण म्हटली, थांबलो, श्वास घेतला. ओळ आली नाही. आलं ते हे.

अहो, हाक मारा कुणालातरी.

पेन खाली ठेवलं होतं. आता परत घेतलंय.

हिचं शेवटचं बोलणं ते. स्वयंपाकघरात ओट्याला धरून ही खाली बसली, छातीवर हात, आणि म्हणाली, अहो, हाक मारा कुणालातरी. मी मारली. दार उघडून जिन्यात उभा राहून जीव खाऊन मारली. शेजारची दारं बंद होती, आत टीव्ही चालू होते. माझ्या तोंडून वाऱ्याशिवाय काही गेलं नाही. दारं बडवली. एक उघडलं, तोवर उशीर झाला होता.

हिला आतून काय ऐकू आलं असेल? काहीच नाही. हिला वाटलं असेल की मी हाक मारलीच नाही.

अजून वाट बघतेय.

९ डिसेंबर

खारूताईच्या शाळेतून निरोप आला. कविता म्हणायला उभी केली, तर तिने सगळी कविता श्वास आत ओढत म्हटली. ओठ निळे पडले आणि खाली बसली. बाईंनी पाणी दिलं. लेकीने घरी विचारलं तर म्हणाली, आजी असंच म्हणते.

जावई म्हणाला, पोरं वाटेल ते खेळ काढतात, मी लहानपणी म्हशीसारखा ओरडायचो. कुणी हसलं नाही.

मी तास बंद केले. आजपासून एकही अर्धी ओळ नाही.

११ डिसेंबर

मी काही म्हटलं नाही. तोंड मिटून बसलो होतो.

पलीकडच्या खोलीत खारूताई बाहुल्या मांडत होती. तिने म्हटलं, नाव बांधली, वल्ही सुकली. आणि थांबली. मग श्वास आत.

दोर ओढतो काठावर.

ठ वर रेलली. तिच्या गळ्यात काही दुखावलेलं नाही. तिची नस धडधाकट आहे. ती सात वर्षांची आहे.

धावत गेलो. ती माझ्याकडे बघत होती, तोंड अर्धवट उघडं, आणि श्वास बाहेर यायचा राहिला होता. पाठीवर थाप मारली तेव्हा सुटला. तिने विचारलं की आजी सारखी हाक मारा का म्हणते.

१२ डिसेंबर

मला कळलं काय चुकलं ते. माझंच शिकवणं आहे. मी थांबतो, जागा रिकामी राहते, वर्ग ती भरतो. जो ऐकेल तो भरतो. आणि शेवटची ओळ झाल्याशिवाय तास सुटत नाही. मीच लावलेली शिस्त. आम्ही तिघं बाकावर बसून आहोत, श्वास धरून—

ओळ हवी. मी एकट्याने म्हणायची, बाकी गप्प. ओळ हिच्याकडे.

लेकीला लिहून दिलं, खारूताईला काही दिवस दुसरीकडे ठेव. तिने वाचलं, माझ्या कपाळाला हात लावून पाहिलं. म्हणाली, बाबा, सुई झाली की सगळं नीट होईल, आणि तिला तुमच्याशिवाय करमतं का?

१३ डिसेंबर

झोप नाही. श्वास घ्यायला भीती वाटते. दर श्वासाला अहो. दर श्वासाला—

खारूताईला माझ्या खोलीत यायला बंदी केली. दाराबाहेर बसलीय. दाराला कान लावून. ऐकू येतंय मला, तीही आत ओढतेय. माझ्याबरोबर. एकाच तालात. वर्गासारखी.

सुई परवा.

१४ डिसेंबर

लिहितोय कारण बोलता येत नाही. रुग्णवाहिका निघालीय. जावई खाली लिफ्ट धरून उभा आहे. 

दुपारी. लेक खाली इस्त्रीवाल्याकडे. दाराबाहेर धप्प झालं. उघडलं तर खारूताई फरशीवर, छातीवर हात, ओठ निळे, श्वास आतच. थापा मारल्या. सुटेना. दोन वर्षांपूर्वीचं तेच, तेच, जिना, बंद दारं, मी आणि वारा—

माझ्याकडे वारा होता. आवाज हिच्याकडे होता.

खिडकीशी गेलो. जितका मावेल तितका श्वास आत ओढला आणि हिला ओरडू दिलं. बाळा, धाव.

लेकीला बाळा फक्त आई म्हणायची. खाली इस्त्री थांबली. सगळ्या गल्लीने वर पाहिलं. लेक जिन्यावरून आली, आई आई करत.

तिने खारूताईला उचललं, उलटं धरलं. श्वास सुटला. पोर रडली. मोठ्याने, बाहेर जाणाऱ्या श्वासावर. इतकं सुंदर काही मी ऐकलं नाही.

तेव्हापासून माझा गळा पुरता उघडत नाही. थोडी हवा येते. शिट्टी वाजते.

पण ही आता हाक मारा म्हणत नाही. हाक ऐकली तिने. सगळ्यांनी ऐकली. एकदाच अहो म्हणाली, साध्या आवाजात, टॉवेल हातात देताना म्हणायची तसं. आणि ओळ दिली. चार तुटक श्वासांत. पूर्ण दिली.

खारूताई लेकीच्या मांडीवर आहे. माझ्याकडे बघतेय. तोंड किंचित उघडलंय, वाट बघतेय, मागून म्हणायला. छाती परत वर—

ओठांवर बोट ठेवून तिला खुणावलं. गप्प. ही माझी एकट्याची.

विसरण्याआधी लिहितो. मग म्हणतो. बाहेर जाणाऱ्या श्वासावर. एक श्वास उरलाय, पुरेल.

येतो येतो म्हणता म्हणता विझला डोळा दिव्यातला,
एक उतारू पैल पोचला, एक